कोरम भरला की बटाटा कुजतो

“काल सांजंला हात फिरवून बघितलोय मी. घट्ट हुता माल. आज बोट लावलं तर आत पाणी.”

थोरले काका पडवीत रासेपुढे उकिडवे बसून सांगत होते. माझे माहेर बेळगावपासून जवळच, कडोली-अगसगेच्या पट्ट्यात. तांबडी माती, जूनच्या पावसावर बटाट्याची लावण आणि नवरात्राच्या पुढेमागे काढणी. त्या वर्षी काढणीला परतीच्या पावसाने गाठले. दर पडलेला, म्हणून माल लगेच मार्केट यार्डाला न नेता ओल्या मातीसकट पडवीत रास घातली आणि वरून ताडपत्री ओढली. चौथ्या दिवशी ताडपत्री उचलली तेव्हा रासेच्या बुडातून चिकट पाणी वाहत होते.

मी एक बटाटा उचलला. साल शाबूत, कुठे चीर नाही. अंगठ्याने हलके दाबले, तर सालीवरच्या टाचणीच्या टोकाएवढ्या एका ठिपक्यातून सायीसारखा लगदा बाहेर आला. सुरीने मधोमध कापला. अर्धा भाग पांढरा, करकरीत, भाजीला घेता येईल असा. उरलेला अर्धा निव्वळ लापशी. दोन्हींच्या मध्ये तपकिरी-काळी रेघ. वास फारसा नव्हता. तो नंतर येतो, त्या लगद्यावर दुसरे जिवाणू जेवायला आले की.

काकूचे म्हणणे, रास उघडी होती तेव्हा कुणाची तरी नजर लागली. तिने पडवीच्या आढ्याला लिंबू-मिरची बांधलीही. नजर लागून बटाटा कुजत नाही, हे मी तिला तिथेच सांगितले आणि इथेही सांगते. माणसाच्या डोळ्यांतून असे काही निघत नाही की जे बटाट्याच्या सालीतून आत शिरावे. त्या दिवशी राशीला गरज होती ती वाऱ्याची.

काकांचा प्रश्न मात्र खरा होता आणि त्याचे उत्तर “जिवाणू लागले” एवढ्यावर संपत नाही. कारण जिवाणू तर आधीपासूनच होते.

ही मऊ कूज करणारा जिवाणू म्हणजे पेक्टोबॅक्टेरियम कॅरोटोव्होरम. जुन्या पुस्तकांत याला अर्विनिया म्हटलेले आढळेल. मातीत, पाण्यात, बेण्यात, सगळीकडे तो असतो. बाजारात दिसणाऱ्या चांगल्या, टणक बटाट्यांच्या सालीवरच्या ठिपक्यांतही तो आढळतो. हे ठिपके म्हणजे बटाट्याची श्वासरंध्रे. तिथे हा जिवाणू आठवडेच्या आठवडे गप्प बसून राहतो, बटाट्याला काही करत नाही. आणि मग एका रात्रीत अख्खा बटाटा पाणी होतो. हत्यार जवळ असून तो इतके दिवस थांबला का, आणि त्या रात्रीच का उठला?

आधी हत्यार पाहू. वनस्पतीच्या दोन पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिन नावाच्या पदार्थामुळे. विटांच्या भिंतीत जसा गिलावा, तसे हे पेक्टिन. त्याच्या लांब साखळ्या कॅल्शियमने एकमेकींशी जोडलेल्या असतात. कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत भिजवतात, म्हणजे त्या पाकात विरघळत नाहीत, कडक राहतात, हे स्वयंपाकघरात सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे चुन्यातले कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्या घट्ट बांधते. पेक्टोबॅक्टेरियम याच्या नेमके उलट करतो. तो पेक्टेट लायेझ नावाची विकरे, म्हणजे एन्झाइम, पेशीबाहेर सोडतो. ही विकरे पेक्टिनच्या साखळ्या मधूनच तोडतात. जोडीला सेल्युलोज तोडणारी आणि प्रथिने तोडणारी विकरेही असतात. गिलावा गेला की विटा सुट्या होतात, पेशी फुटतात, आतली साखर आणि क्षार बाहेर येतात, आणि जिवाणूंचे जेवण मांडले जाते. साल तेवढी टिकते, कारण तिच्यात मेणासारखा सुबेरिन असतो आणि तो या विकरांना दाद देत नाही. म्हणून बटाटा बाहेरून धडधाकट आणि आतून लापशी.

आता थांबण्याचे कारण. विकर पेशीबाहेर सोडणे म्हणजे घरातले धान्य दाराबाहेर टाकणे. एकट्या जिवाणूने सोडलेली विकरे पाण्यात पसरून जाणार आणि त्यातून सुटलेली साखर दुसऱ्याच कुणाच्या तोंडी पडणार. त्याहून मोठा धोका आणखी एक आहे. पेक्टिनचे तुकडे पडू लागले की ते तुकडेच वनस्पतीला धोक्याची घंटा ठरतात. आजूबाजूच्या पेशी सावध होतात, भिंती जाड करतात, जिवाणूंना मारक रसायने बनवतात. म्हणजे दहा-वीस जिवाणूंनी घाई केली तर पोट भरणार नाहीच, उलट बटाटा जागा होईल. दोन्ही संकटांवर उपाय एकच. हल्ला करायचा तर पुरेशा संख्येने आणि सगळ्यांनी एकदम.

पण ज्याला मेंदू नाही, डोळे नाहीत, तो आपल्या भोवती किती जण आहेत हे मोजणार कसे?

याचे उत्तर बटाट्यात सापडले नाही. ते सापडले समुद्रात. अंधारात निळसर उजेड देणारे काही सागरी जिवाणू आहेत. प्रयोगशाळेत त्यांना पोषक द्रवात वाढवले तर सुरुवातीचे काही तास ते वाढत राहतात पण उजेड देत नाहीत, आणि पुरेशी गर्दी झाली की एकदम उजळतात. १९७० मध्ये केनेथ नीलसन, टेरी प्लॅट आणि वुडलँड हेस्टिंग्ज यांनी दाखवले की हे जिवाणू स्वतःच एक पदार्थ बाहेर सोडतात आणि तो द्रवात पुरेसा साठला की उजेडाची जनुके चालू होतात. १९८१ मध्ये या पदार्थाची रचना कळली. नाव जिभेला जड आहे, ३-ऑक्सोहेक्झॅनॉइल होमोसेरीन लॅक्टोन. आकार मात्र अगदी लहान, रेणुभार सुमारे २१३. एका टोकाला पाच अणूंचे लॅक्टोनचे कडे आणि त्याला जोडलेली सहा कार्बनची शेपटी. इतका लहान की पेशीच्या आवरणातून तो सहज आत-बाहेर करतो.

यातली युक्ती मला अजूनही थक्क करते. प्रत्येक जिवाणू थोडा थोडा रेणू बनवत राहतो. एकटा असेल तर रेणू बाहेर पसरून नाहीसा होतो. गर्दी असेल तर बाहेर रेणू साचतात आणि जितके बाहेर जातात तितकेच परत आत येऊ लागतात. म्हणजे बाहेरच्या रेणूंचे प्रमाण हीच गर्दीची मोजणी. कुणी कुणाला मोजत नाही, तरी मोजणी होते.

हवाईजवळच्या समुद्रात अंगठ्याएवढा एक माकूळ, म्हणजे स्क्विड, असतो. त्याच्या पोटाकडच्या एका अवयवात हे जिवाणू दाटीने राहतात आणि रात्री उजेड देतात, त्यामुळे वरून पडणाऱ्या चांदण्यात माकुळाची सावली दिसत नाही. रोज पहाटे तो यातले सुमारे ९५ टक्के जिवाणू बाहेर टाकतो, उरलेले दिवसभरात वाढतात आणि रात्री पुन्हा दिवे लागतात.

बरीच वर्षे लोकांना वाटत होते की ही समुद्रातल्या दोन-तीन जिवाणूंची खासियत असावी. मग १९९२ आणि १९९३ मध्ये ब्रिटनमधून आणि फिनलंडमधून जे निष्कर्ष आले त्यांनी सगळे चित्रच पालटले. बटाटा कुजवणारा अर्विनियाही संदेशाचा रेणू बाहेर सोडतो, आणि त्याच्या अनेक वाणांमध्ये तो रेणू अगदी तोच आहे. माकुळाच्या पोटात दिवा लावणारा रेणू आणि आमच्या पडवीतला बटाटा कुजवणारा रेणू, अणूला अणू जुळणारा. हा रेणू बनवणारे जनुक मोडले तर जिवाणू जिवंत राहतो, वाढतो, पण विकरे सोडत नाही आणि बटाटा कुजवू शकत नाही. त्याच मोडक्या जिवाणूला बाहेरून हा रेणू दिला की विकरे पुन्हा वाहू लागतात.

१९९४ मध्ये या सगळ्या प्रकाराला इंग्रजीत नाव मिळाले ते ‘कोरम’ या शब्दावरून. हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. ग्रामसभेला माणसे जमली नाहीत की “कोरम नाही” म्हणून सभा तहकूब होते, हे आपण दरवर्षी पाहतो. गणपूर्ती झाली की ठराव मांडायचा. जिवाणूंचा ठराव एकच असतो, विकरे सोडा.

इथून पुढचा भाग थोडा अवघड आहे, पण माझ्या मते या विषयातला सर्वांत देखणा भाग तोच आहे, म्हणून तो सोडून पुढे जाणे मला जमणार नाही.

सहज कल्पना अशी होते की रेणू आत येतो, कुठल्यातरी प्रथिनाला चिकटतो, ते प्रथिन डीएनएवर जाऊन विकरांची जनुके चालू करते. समुद्रातल्या जिवाणूत जवळपास असेच होते. बटाट्याच्या जिवाणूत मात्र काम उलट्या बाजूने चालते. इथे गर्दी नसताना गाडीला खीळ घातलेली असते आणि गर्दी झाली की ती खीळ निघते.

शाळेत शिकलेले आठवा. प्रथिन बनायचे तर डीएनएवरच्या जनुकाची आधी एक नक्कल उतरते, तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. रायबोझोम ती नक्कल वाचतो आणि प्रथिन विणतो. विकरे ही प्रथिनेच. आता हे मार्केट यार्डात आणून पाहा. मालाचा तोल झाला की अडत्याकडून पट्टी मिळते. पट्टी खिडकीवर दाखवली की पैसे हातात. समजा पट्टी लिहिणारा लिहीत आहे, खिडकीही उघडी आहे, पण मध्ये एक माणूस उभा आहे आणि तो येईल ती पट्टी हातातून घेऊन फाडतो. खिडकीपर्यंत पट्टी पोचणारच नाही. जिवाणूतल्या या पट्टी फाडणाऱ्याचे नाव आरएसएमए. हे एक छोटे प्रथिन आहे. ते विकरांच्या आरएनएला अशा जागी चिकटते की रायबोझोमला वाचायला सुरुवातच करता येत नाही, आणि मग तो आरएनए लवकर नष्ट होतो.

हा फाडणारा कुणाच्या हुकमावर उभा असतो? एक्सपआर नावाच्या दुसऱ्या एका प्रथिनाच्या. गर्दी नसताना एक्सपआर डीएनएवर आरएसएमएच्या जनुकाशी चिकटून बसतो आणि “बनवत राहा, बनवत राहा” असा तगादा लावतो. फाडणारे भरपूर, पट्ट्या सगळ्या फाटलेल्या, विकरे जवळजवळ शून्य. जिवाणू गप्प.

गर्दी झाली, रेणू साचला, आत आला. तो एक्सपआरला जाऊन बसतो. त्याबरोबर एक्सपआरचा आकार बदलतो आणि त्याची डीएनएवरची पकड सुटते. तगादा थांबतो. नवे फाडणारे बनणे कमी होते. पण जुने अजून शिल्लक आहेत, त्यांचे काय? त्यांच्यासाठी जिवाणूकडे आणखी एक सोय आहे. आरएसएमबी नावाचा एक आरएनए. यातून कुठलेही प्रथिन बनत नाही. आरएसएमए ज्या खुणा पाहून पट्टी ओळखतो, त्याच खुणा या आरएनएवर ओळीने अनेक असतात. म्हणजे कोऱ्या पट्ट्यांचा गठ्ठाच. उरलेले फाडणारे त्या गठ्ठ्यात गुंतून पडतात आणि खऱ्या पट्ट्या खिडकीवर पोचतात. पेक्टेट लायेझ, सेल्युलेझ, प्रोटिएझ, सगळ्यांचे दार एकदम उघडते.

यावर माझा विश्वास बसला तो एका पुराव्यामुळे. रेणू बनवणारे जनुक मोडले की जिवाणू निरुपद्रवी होतो, हे वर सांगितले. त्याच मोडक्या जिवाणूत एक्सपआरही मोडला तर काय होईल? तो सहज कल्पनेतला ‘चालू करणारा’ असता तर जिवाणू आणखी लुळा पडला असता. प्रत्यक्षात विकरे परत आली. तगादा लावणाराच गेला, मग फाडणारे कोण बनवणार? दोन दोषांनी मिळून रोग परत आणला. जनुकशास्त्रात इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

आणि एक बारीक गोष्ट. विकरांनी पेक्टिनचे तुकडे पाडले की ते तुकडे जिवाणूच्या आत जाऊन विकरांच्या जनुकांवरचा आणखी एक अडसर काढतात. म्हणजे काम सुरू झाले की ते स्वतःलाच पुढे ढकलते. “एका रात्रीत” याचे उत्तर या दोन्हींत मिळून आहे, आधी खूप वेळ काहीच नाही आणि मग थांबता न येणारा वेग. जिवाणू तासाला दुप्पट होतात असे धरले तर एकाचे दहा लाख व्हायला वीस तास लागतात, आणि त्यातले शेवटचे पाच लाख शेवटच्या एका तासात येतात. काकांनी सांजेला हात फिरवला तेव्हा माल खरोखरच घट्ट होता.

काही वाणांत तर हाच रेणू त्याच वेळी एक प्रतिजैविकही बनवायला लावतो, कार्बापेनेम जातीचे. या जातीतली औषधे दवाखान्यात गंभीर संसर्गावर वापरतात. बटाट्यात त्याचा उपयोग उघड आहे. ताट वाढले की उपटसुंभांना हाकलायला हवे.

आता एक आक्षेप. २००२ मध्ये रोझमेरी रेडफिल्ड या कॅनडातल्या शास्त्रज्ञ बाईंनी विचारले, हा रेणू खरोखर गर्दीच मोजतो कशावरून? जिवाणू कदाचित एवढेच तपासत असेल की मी बाहेर सोडलेली वस्तू माझ्याजवळ टिकते की वाहून जाते. रेणू बनवायला स्वस्त, विकर महाग. आधी स्वस्त वस्तू सोडून बघायची. ती टिकली तर महाग वस्तू सोडायची. थोडे जिवाणू पण कोंडलेली जागा, किंवा उघडी जागा पण प्रचंड गर्दी, रेणूला दोन्हींत फरक कळत नाही. मला हा विचार पटतो, कारण आमच्या राशीत दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या होत्या.

बटाटा ओला राहिला की सालीवर पाण्याचा पातळ थर बसतो. श्वासरंध्रांत पाणी भरते आणि हवा आत जाणे बंद होते. बटाटा जिवंत असतो, श्वास घेत असतो, त्यामुळे काही तासांतच आतला ऑक्सिजन संपत येतो. ऑक्सिजन नसला की बटाट्याचे संरक्षण ढिले पडते. सुबेरिनची नवी भिंत त्याला उभारता येत नाही. पेक्टोबॅक्टेरियमला मात्र ऑक्सिजन असला काय, नसला काय, दोन्ही चालते. वर ताडपत्रीखालची ऊब. त्या पाण्याने भरलेल्या इवल्याशा रंध्रात जिवाणूंनी सोडलेला रेणू वाहून जायला वाटच उरत नाही. कोरम भरायला याहून चांगली खोली कोणती? एक बटाटा फुटला की त्याचे पाणी खालच्या बटाट्यांवर टपकते आणि त्यात कोट्यवधी जिवाणू, तयार विकरे आणि तयार संदेश असे सगळेच असते. एक नासका आंबा अख्खी आढी नासवतो म्हणतात, त्यातला बटाट्यापुरता अर्थ हा.

या विषयावर मराठीत जे थोडे छापून येते त्यात “जिवाणू बोलतात”, “जिवाणू कट रचतात”, “जिवाणूंना बुद्धी असते” असे मथळे असतात. बोलतात हा शब्द समजावण्यापुरता चालेल, मीही ठरावाचा दाखला दिला. पण त्यावरून जिवाणूंना मन असते, इच्छा असते इथपर्यंत जाणे चुकीचे आहे. आपण वर पाहिले ते सगळे रेणूंचे चिकटणे आणि सुटणे आहे. त्यात विचार करणारे कुणी नाही आणि तरीही काम इतके अचूक होते, हेच तर नवल आहे. ते झाकून त्यावर गोष्टीतले खलनायक कशाला रंगवायचे?

मग हा संदेशच मोडला तर? २००० साली सिंगापूरमधल्या गटाने मातीतल्या एका बॅसिलस जिवाणूत असे विकर शोधले जे या रेणूचे लॅक्टोनचे कडे उघडते. कडे उघडले की रेणू एक्सपआरला ओळखू येत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी हे जनुक तंबाखूत आणि बटाट्यात घातले आणि त्या झाडांमध्ये कूज खूपच कमी झाली. बटाट्याचा तो वाण शेतात आलेला नाही. पण पुढे असे लक्षात आले की आपण ज्याला बीटी म्हणतो, तो बॅसिलस थुरिंजिएन्सिसही हेच विकर बनवतो. बटाट्याच्या फोडीवर दोन्ही जिवाणू एकत्र लावले तर पेक्टोबॅक्टेरियम मरत नाही, पण कूज आटोक्यात राहते. जिवंत आहे, संख्येने आहे, पण संदेश पोचत नसल्यामुळे गप्प आहे. मारले की वाचलेल्यांतून औषधाला न जुमानणारी पिढी निघते. गप्प बसवण्यात तो दबाव कमी असावा, अशी आशा आहे. मी ‘आशा’ म्हणते ते मुद्दाम. त्या वर्षी आमच्या पडवीत एक विक्रेता “जिवाणूंचे बोलणे बंद करणारे” द्रावण घेऊन आला होता. बाटलीवर घटक लिहिलेले नव्हते, किती टक्के काय ते नव्हते. फोडीवरचा प्रयोग आणि शेकडो पोत्यांची रास यांच्यात फार अंतर आहे. काकांनी एक बाटली घेतलीच होती. बुरशीनाशकाचाही इथे उपयोग नाही, कारण ही बुरशीच नाही.

पुढच्या वर्षी काढणीच्या आधी काकांना हे सगळे मी कागदावर बटाट्याचे चित्र काढून सांगितले. पट्टी फाडणाऱ्यापाशी आल्यावर ते हसले. मग म्हणाले, “म्हंजे त्यास्नी एकमेकांचा वास लागू द्यायचा न्हाई, असंच की?”

“तसंच, खरं वाऱ्यावरनं न्हाई काका, पाण्यातनं. पाणी न्हाई तर निरोप न्हाई.”

त्या वर्षी माती वाळेपर्यंत माल सावलीत पातळ पसरला. फावड्याचा घाव बसलेले बटाटे वेगळे काढले. रास कमरेएवढीच घातली आणि तिच्या पोटात वारा जायला मध्ये तुराट्यांचे उभे जुडगे ठेवले. ताडपत्री पडवीच्या तोंडाला पावसाच्या झडीपुरती बांधली, राशीवर टाकली नाही. एकाच गोष्टीवर वाद झाला. धुतलेला बटाटा यार्डात उठून दिसतो आणि क्विंटलमागे चार पैसे जास्त मिळतात, म्हणून काकांना माल धुऊन पोती भरायची होती. मी सांगितले की धुतलेल्या बटाट्याच्या प्रत्येक रंध्रात पाणी भरते, आणि शंभर बटाटे ज्या पाण्यात बुडवले त्यातल्या एका कुजक्याचे जिवाणू बाकीच्या नव्व्याण्णवांना लागतात. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग धाकट्या चुलतभावाला हाक मारून पाण्याची टाकी बंद करायला सांगितली, आणि माल मातीसकटच गेला.